छत्रीवाल्याच्या शटरसमोरून

हनुवटीताईंना हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं नेमकं ठेवलं. विशी लागायच्या आत त्या बाजारातल्या फोटो स्टुडिओत कामाला लागल्या आणि केस पांढरे व्हायला लागले तरी तिथेच होत्या. स्टुलावर माणूस येऊन बसला की त्यांचं पालुपद ठरलेलं. "इकडे बघा. हनुवटी वर. इतकी नको. आता हलू नका." लायसनचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो, लग्न जुळवायला पाठवायचे फोटो. कुणी वारलं की जुन्या ग्रुप फोटोतून त्याला एकट्याला कापून काढायचं, त्याच्या खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात पुसून टाकायचा आणि भिंतीवर लावायला मोठा करून द्यायचा, हेही काम त्यांच्याकडेच. असले परके हात पुसण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लग्न त्यांनी केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं," जसं एखादं भांडं विसळायचं राहून जावं. भाऊ परगावी नोकरीला. त्या आणि वहिनी अशा दोघीच लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. नणंद-भावजयीचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच, आणि एकीवाचून दुसरीचं पानही हलायचं नाही.

ताईंना एकच नाद होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी छोटा कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि रंगवलेल्या दुकानांच्या गल्लीत जाऊन उभं राहायचं. भिंगाकडे बघणारे चेहरे बघून त्यांना वीट आला होता. भिंगासमोर बसलं की शहाण्यासुरत्या माणसाचा चेहरासुद्धा ऐनवेळी पाठांतर विसरलेल्या पोरासारखा होतो. त्यांना हवी होती आपल्याच तंद्रीत चाललेली माणसं, ज्यांना आपला फोटो निघतोय याचा पत्ताच नाही.

आणि ती गल्ली होतीच तशी. कधीकाळी एका पेंटरनं तिथली सगळी शटरं रंगवून ठेवली होती. दुपारी दुकान मिटलं तरी आत काय चालतं ते रस्त्याला कळावं म्हणून. दातांच्या डॉक्टरच्या शटरवर दोन हात रुंद कवळी. सलूनच्या शटरवर अर्ध्या गालाला साबण लावलेला गृहस्थ, अजून दाढी व्हायची वाट बघत असलेला. शिंप्याच्या शटरवर नुसता कोट. मुंडकं नाही, पण एक बाही खिशात घातलेली. आणि सलूनला लागून, वळणावर, छत्रीवाला.

छत्रीवाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान तेव्हापासून बंद, शटर गंजून जागीच बसलेलं. पण त्याच्यावर तो होता. मांडी घालून बसलेला, मांडीवर उलटी छत्री, मान जराशी वर. तो नेहमी ओठांत सुई धरून बसायचा, म्हणून पेंटरनंही त्याला तसाच काढला होता. पण सुईची रेघ ती केवढी! उन्हानं तीच आधी उडाली. उरलं ते किंचित उघडं तोंड. त्यामुळे आता तो काही शिवतोय असं वाटत नव्हतं. आता तो बोलायच्या बेतात होता.

ताई समोरच्या ओट्यावर बसायच्या, कॅमेऱ्यात रंगवलेलं शटर धरायच्या आणि कुणी चित्रासमोरून गेलं की बटण दाबायच्या. कधी कवळीसमोर बसायचं, कधी कोटासमोर, कधी छत्रीवाल्यासमोर. स्टुडिओतल्या मशीनवर फोटो छापून घ्यायचे आणि घरी बुटाच्या खोक्यात टाकायचे. त्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

एका दुपारी त्यांनी ते सगळे फोटो खोलीत फरशीवर मांडले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता ती फोटोंवरून वाकली.

"वन्सं, हे लोक कुणाकडे बघतायत हो?"

"कोण लोक?"

"हे छत्रीवाल्यासमोरचे."

ताईंनी चष्मा वर सरकवला. कवळीसमोरून जाणारी माणसं सरळ चालली होती. कोटासमोरूनही कुणी पिशवी सांभाळत, कुणी नाक शिंकरत, पण सरळच. छत्रीवाल्यासमोर मात्र जवळजवळ प्रत्येक फोटोत एक तरी माणूस मान वळवून शटरकडे बघत होता. सगळे नव्हेत. एका फोटोत दोघी मैत्रिणी चालल्या होत्या. एक हसत काहीतरी सांगत होती आणि दुसरीनं तिचं बोलणं अर्धं सोडून मान वळवली होती.

"चित्र बघत असतील," ताई म्हणाल्या.

पण बोलता बोलताच त्यांना कळलं की हे खरं नव्हे. माणसाच्या नजरेवरच त्यांचं पोट होतं. चित्र बघणाऱ्याचे डोळे फिरतात. यांचे डोळे एका जागी ठरले होते, आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो तसे. आणि काहींचे ओठ गोल झालेले होते.

वहिनीनं एक फोटो उचलून उजेडात धरला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हा तर 'ओ' म्हणतोय."

त्या दुपारी दोघी भांडल्या नाहीत.

पुढच्या सुट्टीला ताई कॅमेरा बंद ठेवूनच ओट्यावर बसल्या. बऱ्याच वेळानं एक कुरिअरवाला आला, खांद्यावर बोजा, हातात मोबाईल. छत्रीवाल्यासमोर आला आणि झटकन मान वळवून थांबला. इकडेतिकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि निघाला. ताईंनी त्याला गाठलं.

"अहो, आत्ता तिकडे काय बघितलंत?"

तो ओशाळला. "काही नाही. कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं."

"काय म्हणून?"

"सोडा ना मावशी."

"सांगा हो. मी काही कुणाला सांगायला जात नाही."

"टिल्लू म्हणून." सहा फुटी माणूस सांगताना लाल झाला. "मला घरी म्हणायचे लहानपणी. आता कुणी म्हणत नाही. म्हटलं इथे कोण ओळखीचं निघालं!"

मग एक सिस्टर आली, पांढऱ्या कपड्यांतली, ड्युटीवर निघालेली. ती थांबली नाही, पण मान तिचीही वळली. तिला 'मनी' अशी हाक ऐकू आली होती. "नेहमी येते इथे," ती घड्याळ बघत म्हणाली. "मला वाटतं वरच्या मजल्यावर कुणाची तरी मांजर आहे." ती हे इतकं सहज म्हणाली की ताईंच्या अंगावर काटा आला. वरच्या मजल्यावर कुणीच राहत नव्हतं. वरचा मजलाच नव्हता.

ताई स्वतः तिथे तासन् तास बसलेल्या, पण त्यांना कधी चकार शब्द ऐकू आला नव्हता. त्या शटरच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. पत्रा उन्हानं तापला होता, रंगाचे पोपडे सुटले होते. छत्रीवाल्याचं तोंड त्यांच्या खांद्याच्या उंचीवर होतं. त्यांनी कान नेला. तोंडातून गार हवा येत होती.

त्या तडक शेजारच्या सलूनमध्ये शिरल्या. सलूनवाला रिकाम्या खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता.

"शेजारचा छत्रीवाला कसा होता हो?"

"कसा म्हणजे? अबोल. पण नावं त्याला सगळ्यांची पाठ." सलूनवाल्याला गप्पांना माणूस हवंच होतं. "पावसाळ्यात सगळ्या छत्र्या काळ्या, हिची त्याला, त्याची हिला. म्हणून हा दुरुस्तीला आलेल्या छत्रीत आतल्या बाजूनं, काडीजवळ, पांढऱ्या दोऱ्यानं नाव शिवायचा. आणि खरं नाव शिवायचा नाही हं! म्हणायचा, तुमच्या नावाची गावात ढीगभर माणसं आहेत, घरात काय म्हणतात ते सांगा. मोठमोठी माणसं इथे उभी राहून हळू आवाजात सांगायची, मी भोपळ्या, मी बगळ्या."

"आणि तुम्हाला कधी हाका ऐकू आल्या?"

सलूनवाल्यानं पाय खाली घेतले. "कसल्या हाका? मला काही ऐकू येत नाही बुवा," तो म्हणाला आणि उगाचच कंगवे पुसायला लागला. थोड्या वेळानं त्यानं ड्रॉवर उघडला. "बरं झालं आलात. तुमच्याकडे येणारच होतो. छत्रीवाल्याची लेक आहे ना, बसवर कंडक्टर असते ती. दुकान विकलंय तिनं. मोबाईलवाले घेतायत. ही मागच्या दाराची किल्ली. भंगारवाला यायच्या आधी आत काय काय आहे त्याचे फोटो काढून हवेत तिला."

"ती का नाही येत?"

"बाप-लेकीचं बोलणं नव्हतं," सलूनवाला म्हणाला. "तो असतानाही ती यायची नाही. आता काय यायची!"

ताईंना किल्ली घ्यायची नव्हती. पण 'भीती वाटते' असं तोंडानं म्हणायचं जिवावर आलं, म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून दुपारची सुट्टी काढून त्या मागच्या बोळात गेल्या. बाहेर लख्ख ऊन. दार फुगलं होतं, खांदा लावल्यावर उघडलं. आत ओल्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता. दार मागे आपोआप मिटलं आणि काळोख झाला. आत गंजक्या तारा ताणलेल्या होत्या आणि त्यांवर मिटलेल्या छत्र्या ओळीनं टांगल्या होत्या. दुरुस्त झालेल्या, पट्टा लावलेल्या, न्यायला कुणी न आलेल्या.

ताईंनी मोबाईलची बत्ती लावायला हात घातला आणि तो तसाच थांबला. भिंतीवर काहीतरी हलत होतं.

काय ते कळायला त्यांना एक क्षणच लागला, कारण आयुष्य कॅमेऱ्याशी गेलेलं. शटरला एक भोक पडलं होतं, वाटाण्याएवढं. चित्रातल्या तोंडाच्या जागी गंजानं पत्रा खाल्ला होता. त्या भोकातून बाहेरचा उजेड आत येत होता आणि समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उमटला होता, उलटा. वर रस्ता, खाली आभाळ. ओटा वर लटकत होता. आणि रस्त्यावरून माणसं चालली होती, डोकी खाली, पाय वर, अजिबात आवाज न करता. काहींची अंगं टांगलेल्या छत्र्यांवर पडायची आणि दुमडून पुढे जायची.

स्टुडिओत पहिल्या वर्षी मालकानं त्यांना काळ्या खोक्याला भोक पाडून हेच दाखवलं होतं. भिण्यासारखं यात काही नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. छत्र्यांचे फोटो काढायचे आणि निघायचं. नावंही दिसायला हवीत, म्हणजे लेकीला कळेल कुणाची कुठली. त्यांनी पहिली छत्री तारेवरून काढली, अर्धी उघडली आणि भोकाच्या उजेडात धरली. पांढऱ्या दोऱ्यातलं नाव त्यांनी लावून लावून वाचलं, जसं अंधारात कुणीही मोठ्यानं वाचेल.

"मनी."

भिंतीवर पांढऱ्या कपड्यांतली एक बाई उलटी चालली होती. ती थांबली. तिची मान वळली आणि तिनं भिंतीतून थेट ताईंकडे बघितलं. शटरच्या बाहेरून, अगदी पुसट, आवाज आला. "ओ?"

 भिंतीवरची सिस्टर थोडा वेळ तशीच राहिली, मग पुढे गेली.

योगायोग असेल. सिस्टर रोज इथूनच जाते. ताईंनी ती छत्री खाली ठेवली. पण राहवलं नाही. दुसरी काढली.

"बगळ्या."

सायकल हातात धरून चाललेला एक म्हातारा भिंतीवर थबकला. वळला.

तिसरी वाचायची नाही, असं ताईंनी ठरवलं होतं. वाचली. भाजीची पिशवी घेतलेल्या बाईनं मान वळवली आणि पिशवी खाली ठेवून पदर सारखा केला, कुणी मोठ्या माणसानं बोलावल्यावर करतात तसा. तेव्हा ताईंना पहिल्यांदा खरी भीती वाटली. भीती छत्रीवाल्याची नव्हती. ती माणसं आपल्याकडे बघतायत, आणि आपण आत्ता त्या चित्राच्या तोंडामागे उभ्या आहोत, याची होती.

त्या दाराकडे निघाल्या. निघताना शेवटच्या तारेवरची छत्री त्यांच्या कपाळाला लागली. बाकीच्या सगळ्या काळ्या आणि हिच्यावर फुलं. बायकी, छोटी. खाली पडू नये म्हणून त्यांनी ती धरली आणि बोटांना आत शिवलेलं नाव लागलं. दुहेरी दोऱ्यानं शिवलेलं, जाड. न बघता, नुसतं बोटांनी वाचता आलं. तेवढ्यात भिंतीवरचा रस्ता क्षणभर फिका पडून परत उमटला, पण ताईंचं लक्ष बोटांकडे होतं.

"ठकू," ताई पुटपुटल्या.

भिंतीवर रस्ता मोकळा होता. कुणी थांबलं नाही, कुणी वळलं नाही. आणि ताईंच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर, अंधारात कुणीतरी म्हणालं, "ओ."

 ताईंनी छत्री छातीशी धरली आणि त्या तारांमध्ये मागे मागे सरकत गेल्या.

"घाबरू नका, मी आहे," तो आवाज म्हणाला. बाईचा, भरदार, जरासा बसलेला. "छत्रीवाल्याची मुलगी."

तिनं दार ओढून उघडलं आणि बोळातला उजेड आत आला. खाकी कपड्यांतली, ताईंपेक्षा थोडी लहान, घामेजलेली बाई. ती ताईंच्या छातीशी असलेल्या छत्रीकडे बघत होती.

"ठकू म्हणजे मी," ती म्हणाली. "सवयीनं तोंडातून 'ओ' गेलं. किती वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं."

दोघी बोळात पायरीवर बसल्या. ठकूनं छत्री मांडीवर घेतली पण उघडली नाही.

"मी माझ्या मनानं लग्न केलं," ती सांगायला लागली. "बाबा भांडले नाहीत, काही नाही. फक्त मला हाक मारायची सोडली. मग एकदा भर पावसात ही मोडकी छत्री घेऊन आले. म्हटलं, निदान दुरुस्तीच्या निमित्तानं तरी तोंड उघडतील. त्यांनी छत्री घेतली, तारेला लावली. मान वर केली नाही. मी म्हटलं, तुम्हाला नको तर मलाही नको. परत आलेच नाही." तिनं नाकावरून हात फिरवला. "बापासारखाच हट्ट, दुसरं काय."

"मग आज कशा आलात?"

"येणारच नव्हते. किल्ली सलूनमध्ये मुद्दाम ठेवली होती, मला यायला लागू नये म्हणून. ड्युटी संपवून घरी निघाले आणि पाय इकडे वळले. बोळात बराच वेळ उभी होते. आत जाऊ की नको. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत, म्हणून दार ढकललं. आत आले तर तुम्ही परत मारलीत."



"मी एकदाच म्हटलं," ताई म्हणाल्या. "तुम्ही आत होतात तेव्हाच."

 बोळातल्या नळातून पाणी ठिबकत होतं. ठकूनं छत्री उघडली. काडी नवी होती. कापडाला जिथे भोक होतं तिथे आतून ठिगळ लावून वरून बारीक टाके घातले होते, फुलाला फूल जुळवून. ती उघडी छत्री डोक्यावर धरून ती रणरणत्या उन्हात, पायरीवर, मोठ्यानं रडली. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

भंगारवाल्याला मग छत्र्या द्यायच्या नाहीत असं ठरलं. ज्याची त्याला पोचवायची. ठकू बसवर गावभर फिरणारी, ताईंसमोर अर्धं गाव बसून गेलेलं. दोघींना माणसं शोधणं जड गेलं नाही. टिल्लूनं छत्री तिथेच उघडून फिरवली. बगळ्याची बायको म्हणाली, "म्हणजे यांना बगळ्या म्हणायचे? मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही!" काहीजण वारले होते. त्यांच्या छत्र्या मुलांनी घेतल्या आणि आतलं नाव दोनदोनदा वाचलं.

ज्याची छत्री पोचली, त्याची हाक थांबली. हे ताईंना फोटोतच दिसलं. एकेक मान सरळ झाली. सिस्टर एकदा मुद्दाम स्टुडिओत आली. "आता नाही ऐकू येत," ती म्हणाली. "बरं झालं की वाईट झालं, काही कळत नाही." ताईंनाही कळत नव्हतं. लोकांच्या वस्तू लोकांना मिळाल्या होत्या. पण दर सुट्टीला रस्ता थोडा थोडा मुका होत चाललाय, असं त्यांना वाटत राहिलं, आणि आपल्याला मुळात काहीच ऐकू येत नसताना हे का जाणवावं, हेही त्यांना उमगेना.

शेवटी एकच छत्री उरली. भोपळ्याची. तो निघाला निवृत्त पोस्टमास्तर, काडीसारखा बारीक, गळ्याभोवती कॉलर लोंबणारा. दोघी त्याच्या दारात छत्री घेऊन उभ्या राहिल्या. त्यानं छत्री बघितली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माझी नाही ती."

"आत नाव आहे, काका," ठकू म्हणाली. "भोपळ्या."

"लहानपणी गुबगुबीत होतो मी," तो म्हणाला. "असेल, माझीच असेल. पण मला नको."

"का?"

पोस्टमास्तर दारातच स्टुलावर टेकला. "सगळ्यांच्या परत केल्यात ना तुम्ही? मी बघतोय. आता रस्त्यात कुणी थांबत नाही. पोरींनो, मला त्या नावानं ओळखणारं आता एकही माणूस जिवंत नाही. मी दुपारी जेवतो, काठी घेतो आणि मुद्दाम त्या वळणावरून जातो. एवढ्यासाठीच जातो. छत्री घरी आणली तर मग मला कोण बोलावणार?"



"तुम्हाला भीती नाही वाटत?" ताईंनी विचारलं. "कोण हाक मारतंय ते माहीत नसताना?"

"माहीत कसं नाही? माझ्या ओळखीचं कुणीतरी असणार. अनोळखी माणूस मला भोपळ्या कशाला म्हणेल?" म्हातारा हसला. मग ताईंकडे वळून म्हणाला, "तुम्हाला घरात काय म्हणतात?"

ताईंना पटकन काही आठवेना. आई त्या कळत्या व्हायच्या आतच गेली होती. "वन्सं," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर हनुवटी."

"चालेल की," पोस्टमास्तर म्हणाला.

दुकान तर विकलं गेलं होतं. मग ठकूनं ती छत्री सलूनमध्ये नेली. सलूनवाल्यानं आधी आढेवेढे घेतले, आमच्याकडे जागा कुठे, गिऱ्हाईक काय म्हणेल, वगैरे. ठकूनं कंडक्टरच्या आवाजात सांगितलं, "एक छत्री आहे. पुढे सरका," आणि आरशाशेजारच्या खुंटीला ती अडकवून दिली. आठवड्याभरात छत्रीवाल्याचं शटर कापून काढलं. कापताना पट्ट्या सुट्या झाल्या, आधी मांडीवरची छत्री गेली, मग मान, मग तोंड. त्या जागी काचेचं दार लागलं.

पहिल्याच सुट्टीला ताई ओट्यावर जाऊन बसल्या. पोस्टमास्तर काठी टेकत आला. काचेच्या दारासमोर थांबला. काही झालं नाही. त्याचा चेहरा असा उतरला की ताईंना कॅमेरा उचलवेना. तो पुढे निघाला, सलूनच्या दारात आला, आणि झटकन मान वळली. ओठ गोल झाले. आत सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून होता. त्याची या दाराकडे पाठ होती. त्यानं मागे वळून बघितलं नाही. ताईंनी तेवढा एकच फोटो काढला, मोठा करून पोस्टमास्तरला नेऊन दिला, आणि त्यानंतर त्या गल्लीत कॅमेरा नेला नाही.

पोस्टमास्तर पुढचं वर्षभर रोज दुपारी सलूनवरून गेला. मग एके दिवशी सकाळी सकाळी सलूनवाला स्टुडिओत आला, बगलेत छत्री.

"ही घेऊन जा," तो म्हणाला. "पोस्टमास्तर गेले. काल."

ताई खाली बसल्या. "काल कधी?"

"बातमी मला संध्याकाळी आली." सलूनवाला स्टुलाच्या कडेला टेकला. त्याचा चेहरा ऐन फोटोच्या वेळी होतो तसा झाला होता. "पण ताई, दुपारपासूनच... मी तुम्हाला कधी बोललो नाही. लोक मला वेडा म्हणतील म्हणून. मला ऐकू यायचं. पहिल्यापासून यायचं. शेजारी होतो ना मी. काल दुपारी त्यांची यायची वेळ झाली आणि कुणी हाकच मारली नाही. मी वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, काहीतरी झालं."

 फोटो काढायला एक बाई आली, ती दोघांकडे बघून 'नंतर येते' म्हणाली आणि गेली.

छत्री ताईंनी ठेवून घेतली. पोस्टमास्तरचं पुढेमागे कुणी नव्हतं आणि ठकू म्हणाली, तुमच्याकडेच राहू दे. पावसात ताई तीच वापरतात. आतलं नाव त्यांनी उसवलेलं नाही. वहिनीबरोबर बाजारात जाताना त्या कधी कधी चालता चालता मध्येच थांबतात, मान जराशी वळते, ओठ गोल होतात.

"काय हो वन्सं, थांबलात का?"

"जड आहे ही छत्री," ताई म्हणतात, आणि दांडा या हातातून त्या हातात घेऊन पुढे चालायला लागतात.